हाव, उठले

१

आमच्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला नाही. कधी आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी. उन्हाळ्यात आलं तेव्हा आलं म्हणायचं. पहाटे येईल, नाहीतर भर दुपारी. मी स्वतः पाण्याशी संबंधित एका सरकारी खात्यात उभी हयात कारकुनी केली. तलावांचे कागद माझ्या टेबलावरून जायचे, आणि तलाव कितीही आटला तरी त्याचा कागद आटलेला मी कधी पाहिला नाही. एवढ्या अनुभवानंतरही लातुरातल्या माझ्या स्वतःच्या घराला पाणी कधी येणार हे मला सांगता येत नाही. चांगुणाला येतं.

चांगुणा माझी बायको. आमच्या नळाची तोटी कायम उघडी असते. पाणी येण्याआधी नळ श्वास सोडतो, पोकळ, फुसकारल्यासारखा. तेवढ्यानं ती जागी होते. स्वतःचा हंडा लावायचा सोडून पदर खोचते, गल्लीच्या टोकाला जाते आणि तिथून एकेक दार वाजवत परत येते. "पाणी आलंय, उठा!" पहिलं दार श्रीमंत नावाच्या टेलरचं, पत्र्याचं. मग मधली घरं. मग आमच्या शेजारच्या सिद्धम्माचं, जुनं लाकडी. शेवटचं आमचं लोखंडी दार, वरच्या अर्ध्या भागाला जाळी असलेलं. ते वाजवायची वेळ येत नाही, कारण वाजवणारीच तिथली.

याला एक नियम आहे. मागे एकदा श्रीमंतनं झोपेत नुसतं "हं" केलं. चांगुणा पुढे गेली, तो घोरत राहिला, पाणी आलं आणि गेलं. त्यावरून गल्लीत जे भांडण झालं त्यातून ठरलं की आतून स्वच्छ "हाव, उठलो" किंवा "हाव, उठले" ऐकू आल्याशिवाय वाजवणाऱ्यानं दारासमोरून हलायचं नाही. सरकारी भाषेत याला पोच म्हणतात. चांगुणानं हा नियम आजवर मोडलेला नाही. श्रीमंतच्या दारात ती एकदा इतका वेळ उभी होती की आमचाच हंडा रिकामा राहिला.

या कामाला झोप लागते, आणि ती तिच्या वाट्याची जाते. रात्री ती कान नळाला लावून पडते. तिची खरी झोप दुपारची. जेवणं झाली, भांडी राखेनं घासून पुसून झाली, की बैठकीतल्या बाजेवर ती दगडासारखी पडते. मी शेजारी खुर्चीत पुस्तक घेऊन बसतो. पंखा आवाज करतो, वारा देत नाही. आमच्या संसारातला हा सगळ्यात सुखाचा वेळ, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो.

२

चांगुणाला किंचाळताना मी कधी ऐकलं नव्हतं. भांडताना ऐकलं आहे, ते वेगळं.

त्या दुपारी पुस्तकातून मान वर केली तर ती बाजेवर ताठ बसलेली होती आणि तिच्या तोंडातून जो आवाज येत होता तो तिचा वाटत नव्हता. डोळे सताड उघडे, दारावर लागलेले. कपाळावर घामाच्या धारा. मी तिचं मनगट धरलं तर नाडी धावत होती. "चांगुणा! काय झालं?" तिचे डोळे माझ्याकडे वळले आणि रिकाम्या खुर्चीवरून फिरावेत तसे माझ्यावरून पुढे गेले.

मग ती एकदम गप्प झाली. मान तिरकी करून काहीतरी ऐकलं. आणि दमलेल्या, आज्ञाधारक आवाजात म्हणाली, "हाव, उठले."

एवढं बोलून ती आडवी झाली आणि घोरू लागली.

मला आधी हसू आलं. जन्मभर दुसऱ्यांना उठवणाऱ्या बाईला स्वप्नात कोणीतरी उठवत होतं. ही बढती म्हणायची.

चारच्या सुमारास ती उठली. "काय बघताव असं?"

"तू ओरडलीस."

"मी?" ती केस बांधत म्हणाली. "तुमचं पुस्तकच वराडलं आसल. दिवसभर त्येला जागं ठिवताव."

ती उभी राहिली आणि स्वयंपाकघराकडे निघाली, तेव्हा फरशीवर तिच्या मागे एक ओली रेघ उठत गेली. साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजलेला होता. मी बाजेवरची वाकळ चाचपली. ती कोरडी होती, उन्हानं तापलेली. नळाला आठ दिवसांपासून पाणी नव्हतं. घरात होता तो प्यायच्या पाण्याचा जार, आणि तो झाकणापर्यंत भरलेला होता.

घरात कुठूनतरी पाणी निघालं तर लातूरच्या माणसाला आधी आनंद झाला पाहिजे. मला झाला नाही.

३

भूत ही वस्तू आमच्या घरात छप्पन सालापासून बंद आहे. माझे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्या दिवशी देव्हारा, अंगारा आणि भूत तिन्ही एकदम घराबाहेर गेले. मी तेव्हा रांगत होतो. मारोती हे नाव आधीच ठेवून झालं होतं म्हणून तेवढं राहिलं. तेव्हा साडीच्या ओल्या काठाला काहीतरी साधं कारण असणार असं धरून मी चाललो. फरशीखालून ओल आली असेल. मोरीत कोणाचं तरी पाणी तुंबलं असेल. मी फरशीला कान लावला. बायको म्हणाली, आता तुमचंबी डोकं फिरलं.

पुढच्या खेपेला पोटऱ्या भिजल्या. त्याच्या पुढच्या खेपेला गुडघे. दर वेळी तीच किंकाळी, दारावरचे तेच डोळे, तेच ऐकणं आणि तेच "हाव, उठले". आता भिजलेल्या कापडाला वास येऊ लागला होता. गाळाचा. विहीर उपसताना तळाशी जो येतो तो.

चांगुणाला काही आठवत नव्हतं, पण साडी तिलाही दिसत होती. ती साडी गपचूप पिळायची आणि पिळलेलं पाणी दारातल्या झाडाला घालायची. वाया कसं घालवायचं, ही एक सवय भीतीपेक्षा जुनी होती. दोन दिवसांत ते झाड जळालं.

मी सिद्धम्माला गाठलं. ती गच्चीवर कुरड्या घालत होती. "दुपारी गल्लीत कोणी दारं वाजवतं का गं?"

"कोण वाजवतंय भाऊजी? मी रोज हितंच बसून राहिले ना. कुत्रं बी फिरकत न्हाई उन्हात." तिनं हात थांबवला. ती निलंग्याकडची, चांगुणाला अक्का म्हणते. "अक्काचं काय चाललंय? लई वाळली. आमच्याकडं एक बाबा हाय, निस्तं बघून सांगतो."

"बाबाकडं जाण्यापेक्षा मी आयकर खात्याकडं जाईन. ते तरी पुरावा मागतात."

"हसा तुमी." ती पुन्हा साचा दाबू लागली. "पर अक्काच्या पायाच्या बोटांत शेवाळ बघितलंय मी. हिरवंगार. आपल्या लातुरात कुठं हाय व शेवाळ?"

४

आमची मुलगी बुद्धप्रिया नांदेडला परिचारिका आहे. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, उद्याच्या गाडीनं आईला घेऊन या. कारणं सांगू नका."

मेंदूचे डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. त्यांनी सांगितलं की झोपेला थर असतात. सगळ्यात खालच्या थरातून माणूस अर्धवट वर येतो, मेंदूचा एक भाग जागा होतो, दुसरा होत नाही. डोळे उघडे असतात, माणूस किंचाळतो, बोलतो, चालतोसुद्धा, आणि उठल्यावर त्याला काही आठवत नाही. याला नाईट टेरर म्हणतात.

"पण हिला दुपारी होतं," मी म्हणालो.

"नाव रात्रीचं आहे काका. गाढ झोप जेव्हा असेल तेव्हा होतं. लहान मुलांत जास्त दिसतं. या वयात नव्यानं सुरू झालं म्हणून तपासण्या करू. रात्रीची झोप नाही, त्यामुळे दुपारची जास्तच गाढ लागते. तेव्हा हलवून उठवू नका. हळूच आडवं करायचं." त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. अर्धीच द्यायची, असं दोनदा बजावलं.

मला त्यांचा शब्द न् शब्द पटला. फार दिवसांनी कोणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. तेवढ्यात चांगुणानं विचारलं, "पर मला उठवायलंय कोण?"

"कोणी नाही मावशी. तुमचा मेंदूच."

"मग त्येचा आवाज माझ्यासारखा कामून हाय?"

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. आवाजाचं ती पहिल्यांदाच बोलली होती.

बुद्धप्रियाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी चांगुणाला तिच्या पलंगावर झोपवलं आणि आम्ही बापलेक दोन बाजूंना बसलो. किंकाळी आली. बुद्धप्रियानं शिकल्याप्रमाणे आईचे खांदे अलगद धरले. "आई, काही नाही, मी आहे." आई तिच्याआरपार फ्लॅटच्या दाराकडे बघत होती. मग ते ऐकणं. "हाव, उठले."

साडी कमरेपर्यंत भिजली होती.

बुद्धप्रियानं ओल्या साडीची घडी मुठीत दाबून बघितली. मग नर्सच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, या वयात कंट्रोल जातो. लाजायचं कारण नाही. मी डायपर आणते."

"चादर बघ," मी म्हणालो.

तिनं आईच्या खालची चादर चाचपली. मग गादी. दोन्ही कोरडी. मग स्वतःचा हात नाकाशी नेला. लेक माझी, मोडलेली हाडं आणि मेलेली माणसं रोज बघणारी, पण हात तसाच हवेत धरून बसली. "हा विहिरीचा वास आहे," एवढंच म्हणाली.

चांगुणानं उठल्यावर घरी जायचं काढलं. कोणाचंच ऐकेना. "पाणी यायचं आसल. गल्लीला कोण उठवल?"

५

लातूरला परतल्यावर तिनं झोपायचंच नाही असं ठरवलं. चहा प्यायची, डोळ्यांना बाम लावायची, उभ्यानं भाजी निवडायची. "मला झोपू देऊ नगा," ती म्हणायची. "कायबी करा. चिमटे काढा, भांडण काढा. बुद्धप्रियाच्या पप्पा, हे वर चढायलंय." जन्मात कधी तिनं माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी जुनी भांडणं उकरून काढली. तिच्या भावाचं काढलं, तिच्या हातच्या वरणाचं काढलं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दुपारी तिच्या माहेराबद्दल मी अतिशय अन्यायकारक असं एक वाक्य बोललो आणि उत्तर आलं नाही. ती बाजेवर बसल्या बसल्या झोपली होती.

डॉक्टरांनी उठवू नका म्हटलं होतं. तरी मी हलवलं. हलवून उपयोग झाला नाही.

मग मी पहिल्यांदा ऐकलं.

लांबून, गल्लीच्या टोकाला, पत्रा वाजला. श्रीमंतचं दार. मी स्वतःला सांगितलं, गिऱ्हाईक असेल. थोड्या वेळानं दुसरं दार वाजलं. मग तिसरं. घाई नव्हती. एकेक दार, मध्ये थोडं थांबणं, मग पुढचं. उन्हात गल्ली तव्यासारखी तापलेली, आणि ते वाजवणं आमच्याकडे येत होतं. मग लाकूड वाजलं, सिद्धम्माचं. मग मध्ये काहीच नाही.

मग आमचं लोखंड.

"पाणी आलंय, उठा!"

तो चांगुणाचा आवाज होता. तिचा तो शेवटच्या अक्षरावर वर जाणारा हेल. आणि चांगुणा माझ्यासमोर बाजेवर बसलेली होती, तोंड वासून, किंचाळत.

मी दाराकडे बघायला पाहिजे होतं. मी छताकडे बघितलं. दाराच्या जाळीतून आत आलेला उजेड छतावर हलत होता. उन्हात पाण्यानं भरलेली बादली ठेवली की भिंतीवर जो उजेड नाचतो, तसा. फक्त बादलीचा एवढा नसतो. सबंध छतभर तो हलत होता, संथ, मोठ्या पाण्याचा.

"हाव, उठले," चांगुणा म्हणाली.

छत स्थिर झालं. मी धावत जाऊन दार उघडलं. पांढरं ऊन, धूळ, श्रीमंतच्या ओट्याखाली झोपलेलं कुत्रं. उंबऱ्यावर ओलीचा एक ठिपका नाही.

मागे चांगुणा खोकत होती. छातीपर्यंत चिंब. तळहातावर तिनं काहीतरी थुंकलं आणि माझ्यापुढे धरलं. चिमूटभर काळा गाळ.

६

यापुढचा हिशेब शाळेतल्या पोरालाही करता आला असता. छातीच्या वर गळा असतो आणि गळ्याच्या वर नाक.

मी ठरवलं की तिला उत्तरच देऊ द्यायचं नाही. पोच मिळाली नाही तर कागद पुढे सरकत नाही, हे मला माहीत होतं.

ती झोपली तेव्हा वांगं चिरत होती. विळी मी तिच्या पुढ्यातून काढली आणि तिला मागून धरून बसलो. पत्रा वाजला. एकेक दार जवळ आलं. लाकूड वाजलं. लोखंड वाजलं.

"पाणी आलंय, उठा!"

ती किंचाळली, गप्प झाली, ऐकलं, आणि तिचे ओठ उघडले. मी हातानं तिचं तोंड दाबलं.

पुन्हा दार वाजलं. "पाणी आलंय, उठा!" तेवढ्याच शांतपणे. मी दाबून धरलं. छतावरचा उजेड गदागदा हलू लागला. पुन्हा दार वाजलं. जाळीच्या खालच्या कडेला काहीतरी होतं. मी पुरतं बघितलं नाही. लाटेनं काठाला आणून लावावेत तसे लांब ओले केस जाळीला बाहेरच्या बाजूनं टेकत होते आणि परत जात होते, आणि ते पांढरे होते, मध्ये भांग असलेले, चांगुणाच्या केसांसारखे.

माझ्या हाताखाली तिचं अंग झटके देऊ लागलं. ती नाकानंही श्वास घेत नव्हती. उत्तर दिल्याशिवाय तिला श्वास घेता येत नव्हता. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. ओठ निळे पडू लागले. दार वाजत होतं. ते जाणार नव्हतं. जायचं नाही, हा तिचाच नियम होता.

शेवटी मी ओरडलो, "हाव! उठलो!"

उजेड थांबला. चांगुणानं खोल श्वास घेतला आणि माझ्या मांडीवर मान टाकून लहान मुलीसारखी झोपली. तिची साडी खालपासून वरपर्यंत कोरडी होती. मला रडू आलं. फार चांगलं वाटलं.

मग पाठीला गार लागलं म्हणून मी हात मागे नेला.

७

सरकारी बदलीत कोणतीही फाईल नव्यानं सुरू होत नाही. आधीच्या माणसानं जिथं सोडली तिथून पुढच्यानं घ्यायची. माझा पायजमा ओला होता, सदरा ओला होता, आणि बनियन गळ्यापर्यंत. हनुवटीच्या खाली ओलीची रेघ सरळ होती, पट्टीनं ओढल्यासारखी.

मी कपडे लपवले. पण जिच्या घरात थेंब न् थेंब मोजला जातो तिच्यापासून बनियनभर पाणी कुठं लपवणार?

"तुमी ओ दिली," ती दोरीजवळ उभी राहून म्हणाली.

"तुझा श्वास गेला होता."

"जाऊ द्यायचा व्हता."

"उद्या बघू म्हटलं."

"ती माझी हाक हाय. माझ्या आवाजाची. तुमी मधी कामून पडलाव?" आणि मग एकदम खाली बसून माझे दोन्ही पाय घट्ट धरून ती रडली. ती रडली तेव्हा मी जे ठरवलं ते तिला सांगितलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात होत्या. दार वाजेल तेव्हा ती इतकी गाढ असली पाहिजे की ओठ हलणार नाहीत, आणि ओ मीच देईन. अर्ध्या गोळीनं भागणार नव्हतं. मी दोन कुटून ठेवल्या, आणि आज जेवणानंतर तिच्या चहात घालायच्या म्हणून स्वयंपाकघरात गेलो. चहा तिनं आधीच केला होता. दोन कप भरून ठेवले होते. मी पुडी उजव्या कपात रिकामी केली, ढवळलं, आणि तो तिच्या हातात दिला. तिनं बशीत ओतून सगळा प्यायला. मीही माझा प्यायलो. थोडा कडू लागला. पत्ती जास्त झाली असेल, म्हटलं.

आता जागं राहण्यासाठी हे लिहितो आहे. मघापासून बघतो आहे की गोळ्यांच्या पाकिटात जितक्या राहायला पाहिजे होत्या त्याहून कमी आहेत. चांगुणानं बाज ओढून दाराशी लावली आहे. आपण दोघांनीही एकमेकांना झोपवायचं ठरवलं, हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती माझ्याकडे बघून मघाशी हसली. पण पेंग मला येते आहे. तिला अजून नाही. रात्र रात्र जागायची सवय तिला आहे, मला नाही. पेन दोनदा हातातून पडलं.

गल्लीच्या टोकाला पत्रा वाजला.

"चांगुणा, तू ओ देऊ नकोस," असं मी म्हणालो. जीभ जड झाली आहे, नीट म्हणालो की नाही माहीत नाही. पुन्हा म्हणायचं आहे. छतावर उजेड हलायला लागला आहे, फार सुंदर दिसतो. सिद्धम्माचं लाकूड वाजलं. चांगुणा उभी राहिली. तिनं पदर खोचला, नेहमी खोचते तसा. मग ती माझ्याजवळ आली, माझा चष्मा काढला, माझ्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "झोपा आता तुमी."

उभा जन्म जिनं अख्ख्या गल्लीला उठवलं, ती बाई मला झोपा म्हणते आहे.